एक लांब हॉर्न

रविवारी सकाळी मला कुणी गाडीत बसायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. आठवडाभर ज्यांना क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे कळत नाही अशांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच? मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवायची इतकी सवय झालीय की घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही मी फरशी दाबते. बाबा म्हणतात, "हळू गं, खालच्या मजल्यावर जाशील."

शनिवारी संध्याकाळी एक्सरेचा फोन आला. एक्सरे म्हणजे तो. हॉस्पिटलात एक्सरे काढतो म्हणून आमच्या स्कूलमधल्या मंडळींनी ठेवलेलं नाव. गाडी शिकायला तो माझ्याकडेच आला होता आणि परीक्षेत दोनदा नापास झाला होता. गाडी वाईट चालवतो म्हणून नव्हे. चौकात तो थांबतो. समोरच्याला जाऊ देतो, मग त्याच्या मागच्याला, मग लांबून कुणी सायकलवाला येताना दिसला की त्यालाही. तपासणारे साहेब शेवटी म्हणाले होते, "अहो, तुम्हाला घरी जायचं नाही का?"

"उद्या सकाळी लवकर टेकडीवर जाऊ या," तो फोनवर म्हणाला. "शिकवायची गाडी घे, पण चालवणार मी. मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

वेगवेगळी घेतली तर सगळी वाक्यं साधी. एकापाठोपाठ एक आली तेव्हा मला त्यांचा अर्थ वेगळाच लागला.

आमचं जुळून दोन वर्षं होऊन गेली होती. माझी पस्तिशी उलटलेली, त्याची चाळिशी जवळ आलेली, दोघंही सुट्टे, दोघांच्याही घरी सगळं माहीत. तरी त्याने लग्नाचं कधी काढलं नव्हतं. मी का काढलं नाही? कारण बाकी सगळं मीच आधी करते. त्याला पहिला फोन मी केला, पहिल्यांदा हात मी धरला, सिनेमाची तिकिटं मी काढते, हॉटेलात काय मागवायचं ते मी ठरवते. निदान ही एक गोष्ट कुणीतरी येऊन मला विचारावी असं मला वाटत होतं. त्यात चुकीचं काय होतं ते अजून मला कळलेलं नाही.

आणि महिन्याभरापूर्वी तो म्हणाला होता की हॉस्पिटलची दुसरीकडे नवी शाखा निघतेय, तिथं माणसं हवीत. "तू जाणार?" मी विचारलं. तो म्हणाला, "बघू." दोन अधिक दोन चार करायला मला वेळ लागत नाही. भला माणूस आहे, फोनवर सोडून जाणार नाही. चांगल्या मोकळ्या हवेत नेईल, नीट समजावून सांगेल आणि मग जाईल. रात्रभर मी त्याची वाक्यं त्याच्या वतीने जुळवत होते आणि प्रत्येकाला मनातल्या मनात सडेतोड उत्तर देत होते.

सकाळी उठले तर बाबा आधीच दाढी करून, चांगला कोट घालून तयार. बाबा निवृत्त बसड्रायव्हर. रविवारी ते नऊच्या आत अंथरूण सोडत नाहीत, कारण म्हणे जन्मभर पहिली बस काढलीय.

"कुठे निघालात एवढ्या थंडीत?"

"धाकटीकडे. ती घ्यायला येतेय. नाश्त्याला बोलावलंय."

"तिला कधीपासून नाश्ता करता यायला लागला?"

बाबांनी मफलर गुंडाळायचं निमित्त करून तोंड फिरवलं. मी धाकटीला फोन लावला, तर तो बंद. कुठेतरी पाणी मुरत होतं हे एरवी माझ्या तेव्हाच लक्षात आलं असतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच विषय होता, आणि ज्याचं ठरलेलं असतं ना की आपल्याला आज टाकून देणार आहेत, त्याला बाकीच्या जगाशी काही देणंघेणं राहत नाही.

तो कोपऱ्यावर उभा होता. कानटोपी, हातमोजे, आणि जाड जॅकेटच्या खिशावर सारखा हात. मी उतरून शेजारच्या सीटवर गेले. तो बसला, सीट मागेपुढे केली, आरसे पाहिले, पट्टा लावला, पुन्हा आरसे पाहिले.

"निघू या की इथेच राहायचं?"

"तू झोपली नाहीस का?" त्याने विचारलं.

मी चमकले. गाडीत तो मला 'मॅडम' म्हणतो आणि 'तुम्ही' म्हणतो. शिकत असतानाची सवय, पुढे चेष्टा झाली आणि मग तोच आमचा नियम झाला. खाली उतरलं की 'तू', गाडीत 'मॅडम'. आज गाडीत बसून त्याने मला 'तू' म्हटलं. झालं, माझी खात्री पटली. चेष्टेचे दिवस संपले होते.

टेकडीचा रस्ता वळणावळणाचा आहे. शहर संपलं तसं धुकं सुरू झालं. रस्त्याकडेचं गवत गोठलेल्या दवाने पांढरं पडलं होतं आणि पुढचं दोन गाड्यांच्या अंतरापलीकडे काही दिसत नव्हतं. अशात मला शेजारी बसवणं म्हणजे मांजराला पाण्यात बसवणं.

"दुसरा गिअर टाक. दुसरा!"

"टाकतोय."

"वळणाआधी हॉर्न दे. धुक्यात प्रत्येक वळणाआधी हॉर्न द्यायचा, किती वेळा सांगितलंय?"

त्याने हॉर्न दिला, अगदी हळू, कुणाची झोपमोड होऊ नये तसा. मी हात लांब करून त्याच्या स्टिअरिंगच्या मधोमध दाबला आणि खणखणीत वाजवला. "असा!"

पुढच्या वळणावर मला वाटलं तो फार बाहेरून घेतोय. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली. त्याने पुन्हा चालू केली. त्यापुढच्या वळणावर मी पुन्हा दाबला. पुन्हा बंद.

"मॅडम," तो म्हणाला, "पाय काढा."

आवाज चढला नव्हता. पण तळपायाची आग मस्तकात जायला मला आवाज लागत नाही, आणि त्या दिवशी तर रात्रीपासून विस्तव फुलवलेलाच होता.

"पाय काढू? काढते. आणि तूही जे सांगायचंय ते सांगून टाक. वरपर्यंत जायची काय गरज आहे? दृश्य बघत सांगितलं म्हणून गोड लागणार आहे का ते?"

"काय सांगायचंय?"

"ते तुला माहीत! दोन वर्षं झाली, तुला एक वाक्य जुळवता आलेलं नाही. चौकातसुद्धा उभा राहतोस आणि इथेसुद्धा. सगळं जग पुढून निघून जाईल तरी तू म्हणशील, जाऊ दे, मला घाई नाही. निर्णय घेणं तुझ्या रक्तातच नाही!"

त्याचे कान लाल झाले होते. थंडीने झाले असतील असं मी स्वतःला सांगितलं. पुढची सगळी वळणं त्याने एकट्याने घेतली, हॉर्न देऊन, नीट, मी शिकवलं होतं तशी. मी पाय वर घेऊन मांडी घालून बसले आणि खिडकीबाहेर काहीही न दिसणाऱ्या धुक्याकडे बघत राहिले. रडू येत होतं, पण माझ्या विद्यार्थ्यासमोर मी रडत नाही.

वर एक मोकळी जागा आहे. कठडा, दोन बाक, बंद असलेली एक टपरी. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. त्या सकाळी कुत्रंसुद्धा नव्हतं. त्याने गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"दोन मिनिटं बस," तो म्हणाला, "डिकीतून काहीतरी काढायचंय."

तो उतरला. मला कसं बसवेल? मी काचेवरची वाफ पुसली आणि मग ते दिसलं. आमच्या पुढ्यात, टपरीच्या बाजूला, अर्धी रस्त्यावर अशी एक गाडी उभी. धुक्यात नुसता काळा ठोकळा. ना मागचा दिवा, ना पिवळे लुकलुकणारे. अशा धुक्यात! मागून एखादा टेम्पो आला तर सरळ तिच्यात घुसला असता. मी शिकवते त्यातला हा पहिल्या आठवड्याचा धडा आहे. माझा सगळा राग, रात्रीपासूनचा, त्या गाडीवर निघाला. मी शेजारून हात लांब केला, तळवा हॉर्नवर टेकवला आणि दाबून धरला. लांब. त्या निष्काळजी माणसाच्या कानात आठवडाभर घुमेल एवढा लांब.

टपरीच्या मागून लोक धावत आले.

आधी धाकटी, हातात फुगे. त्यातले दोन थंडीने मलूल होऊन लोंबत होते. मग त्याची आई, थर्मास छातीशी धरून, टाळ्या वाजवायला हात मोकळे नाहीत म्हणून नुसतीच मान हलवत. शेवटी बाबा, चांगल्या कोटात, हळूहळू.

"अभिनंदन! अभिनंदन!" धाकटीने दार उघडून मला बाहेरच ओढलं. "ताई! हो म्हणालीस ना? कधीपासून गारठलोय आम्ही! पायाला मुंग्या आल्यात माझ्या!"

"कशाला हो म्हणाले?"

"आता नाटकं करू नकोस. लांब हॉर्न वाजला ना? तू हो म्हटल्यावर तो एक लांब हॉर्न देणार आणि मग आम्ही यायचं, असं ठरलं होतं!"

"आणि ही गाडी कुणाची?" मी विचारलं. खरंच, त्या क्षणी मी हेच विचारलं.

"माझी. दिवे लावले असते तर तुला ओळखू आली नसती का?"

मी मागे वळून पाहिलं. तो डिकीपाशी उभा होता, डिकी उघडलेलीच नव्हती. एक हातमोजा काढलेला, त्या हातात छोटी निळी डबी, अजून बंद. रात्रभर जुळवलेली ती सगळी वाक्यं, ती सगळी उत्तरं. कुणाला देत होते मी?

"मी अजून विचारलंच नाहीये," तो सगळ्यांना म्हणाला. मग एकट्या माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि आता जमेल असं वाटत नाही मला."

त्याने डबी खिशात टाकली आणि कठड्याच्या दिशेने चालायला लागला. चार-पाच पावलांत धुक्याने त्याला गिळलं. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं, थर्मास बाकावर ठेवला आणि त्याच्या मागे निघाली. मग पुन्हा थांबली, कारण मुलगा चाळिशीचा झाला की त्याच्या मागे कुठवर जायचं हे आईलाही ठाऊक नसतं. धाकटी फुगे पाठीमागे लपवायला लागली.

"काय बोललीस तू त्याला?" बाबांनी विचारलं.

"जे खरं आहे ते. दोन वर्षांत याला तोंड उघडता आलं नाही, आणि आज एकदम फुगे! निर्णय घेता येत नाही म्हटलं. येत नाहीच."

"असं म्हणालीस?"

"हो."

बाबा बाकावर बसले. बाक गारठलेला होता, कोटाचा विचार न करता बसले. "धाकटे," ते म्हणाले, "तू जरा त्या काकूंना चहा दे." आणि धाकटी गेल्यावर म्हणाले, "त्याने विचारलं होतं. मला. दोन वर्षांपूर्वी, तुझी आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात. घरी आला होता, तू कामावर होतीस. म्हणाला, काका, मला हिला विचारायचंय, पण आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं."

मी उभीच होते. पाय थंडीने बधिर झाले होते आणि तरी मी एका पायावरून दुसऱ्यावर नाचत होते.

"मग?"

"मी म्हटलं, आत्ता नको. तिचं मन अजून थाऱ्यावर नाही. आई गेल्याचं तिने मनाला लावून घेतलंय. थोडं थांबा."

"माझं मन?"

"तुझं काय, तू तिसऱ्या दिवशी कामावर गेली होतीस." बाबा हातांवर फुंकर घालत होते. "मन माझं थाऱ्यावर नव्हतं. त्या घरात मी एकटा बसलो असतो दिवसभर, आणि संध्याकाळीसुद्धा. तू यायचीस, आल्या आल्या आज कुणी काय ठोकलं ते सांगायचीस, शिव्या घालायचीस सगळ्यांना. मी दुपारपासून त्या सगळ्याची वाट बघायचो. नंतर त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, थोडं थांबा डॉक्टर. तो म्हणाला, मी डॉक्टर नाही काका, पण थांबतो. पंधरवड्यापूर्वी आला तेव्हा म्हणाला, आता परवानगी मागत नाही, नुसतं सांगतोय. माझी बदली होतेय. ती हो म्हणाली तर नको म्हणून कळवतो."

"आणि तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"नाही."

"त्यानेही नाही."

"मी त्याला सांगू नको म्हटलं होतं."

माझ्या तोंडाशी आलेलं मी कसंबसं गिळलं. आधी मला कठड्याकडे जायचं होतं. भांडणं नंतर करता येतात, ती कुठे पळून जात नाहीत. माणूस जातो.

तो कठड्याला टेकून उभा होता. खालचं शहर वगैरे काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा कापूस. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, आणि तो आधी बोलेल याची वाट बघायला माझ्यात धीर नव्हता.

"बाबांनी सांगितलं मला."

त्याने मान वळवली. "सगळं?"

"सगळं. तू का नाही सांगितलंस? मी दोन वर्षं तुला मनातल्या मनात काय काय म्हणत होते, ठाऊक आहे?"

"मनातल्या मनात कुठे? आज वळणावर ऐकलं की."

"मग सांगायचंस तिथल्या तिथे! म्हणायचंस, तुझ्या बापाला विचार!"

"तू त्यांच्यावर चिडली असतीस," तो म्हणाला. "तू चिडलीस की जेवत नाहीस. मग तेही जेवत नाहीत. त्यांना साखरेचा त्रास आहे."

असल्या माणसाशी भांडावं तरी कसं, मला सांगा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते गालावर लगेच गार पडत होतं. मी ते बाहीने पुसलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे वाक्य मी फार वापरत नाही, त्यामुळे ते जरा किंचाळूनच आलं. "तुझ्या रक्तात काय आहे नि काय नाही ते मला काडीचं कळत नाही. तू जाऊ नकोस. म्हणजे गेलास तरी मला घेऊन जा. नाही, तसंही नको, बाबा आहेत. तू इथेच राहा. माझ्याशी लग्न कर. करशील?"

"हा प्रश्न आहे की ऑर्डर?"

"प्रश्न आहे!"

"मग एकदा शांतपणे विचार."

मला शांतपणा येत नाही. दात वाजत होते, नाक वाहत होतं, मागे धाकटी कान टवकारून उभी असणार हे माहीत होतं. मी श्वास घेतला. "माझ्याशी लग्न करशील का?"

"हो," तो म्हणाला. चौकात थांबणारा माणूस. अर्धा सेकंदही घेतला नाही त्याने. मग डबी काढली, पण त्याची बोटं इतकी आखडली होती की झाकण उघडेना. शेवटी ते मी उघडलं, म्हणजे तेही मीच केलं, पण या वेळी मला त्याचा राग आला नाही. मी त्याचे हात माझ्या जॅकेटमध्ये घातले आणि आम्ही तसेच उभे राहिलो. त्याची आई आली, दोघांनाही एकदम मिठी मारायला गेली आणि चहा सांडला. धाकटीने फुगे सोडले, पण ते वर जायच्याऐवजी जमिनीवरूनच घरंगळत गेले.

बाबा आले नव्हते. ते त्याच बाकावर बसून होते. मी त्यांच्याकडे चालत गेले. जाताना पाय भराभर उचलत होते, कारण मला ते एकदाचं बोलून टाकायचं होतं. नाही बोलले तर पुढे जन्मभर बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"हो म्हणाला."

"चांगलं झालं. फार चांगलं झालं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं.

"बाबा, माझी दोन वर्षं गेली."

"गेली," ते म्हणाले. "माहीत आहे मला." मग त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. "पण आता खोटं कशाला बोलू? तुझी गेली ती माझ्याकडे आली. फार सुखाची गेली गं मला."

ओरडायला म्हणून मी तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.